घंगाळाला स्वतःचे पान

माझी भाची वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे दरवाजे, कोनाडे आणि जिने यांची रेखाटने करून गेल्या तीन वर्षांत तिने वह्याच्या वह्या भरल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्या सगळ्या वह्या घेऊन ती माझ्याकडे आली आणि बसता बसताच तिने विचारले, “मावशी, ब्लॉग सुरू करते आहे. नाव काय ठेवू?” नावाविषयी आमचे बोलणे झालेच नाही. ब्लॉग नको, स्वतःचे संकेतस्थळ कर, आणि तसे दुसरे कोणाकडे असणार नाही असे कर, एवढी एकच गोष्ट मी तिला दोन तास सांगत होते. तिने वहीच्या मागच्या पानावर त्याची टिपणे घेतली. तेच बोलणे मी येथे सलग लिहून काढत आहे, कारण हाच प्रश्न मनात घेऊन बसलेली आणखीही माणसे मला ठाऊक आहेत.

आधी माझा अनुभव सांगते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. 2013 साली आमच्या घराची दुरुस्ती निघाली, तेव्हा सासूबाईंनी माळ्यावर पोत्यांत बांधून ठेवलेली तांब्यापितळेची भांडी खाली आली. त्यांत दोन बंब होते, हंडे, कळश्या, पराती, सतेली होती, एक लामणदिवा होता, आणि ज्यांची नावे घरात कोणालाच खात्रीने सांगता येईनात अशी पाच-सहा भांडी होती. ती नावे विचारण्यासाठी मी भांडी बाजारात आणि तांबट आळीत जाऊ लागले आणि जे कळेल ते त्याच संध्याकाळी इंटरनेटवर लिहू लागले. चार वर्षांत एकसष्ट नोंदी झाल्या. सर्वांत नवी नोंद सर्वांत वर, तिच्याखाली आदली, तिच्याखाली त्याआधीची, अशी ती रांग होती, आणि ती तशीच असायची असते असे मी धरून चालले होते.

त्या रांगेतला दोष मला एका भांड्याने दाखवला. अगदी सुरुवातीच्या एका नोंदीत मी एका रुंद तोंडाच्या पितळी भांड्याचे छायाचित्र देऊन त्याला सतेले म्हटले होते. आठ महिन्यांनी त्याची कडी सैल झाली म्हणून ते तांबट आळीत नेले. तिथल्या काकांनी ते उपडे केले, बुडावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “ताई, याला कधी आच लागलेली नाही. सतेलं चुलीवर चढतं. हे घंगाळ आहे, आंघोळीच्या पाण्याचं.” मी घरी येऊन त्याच दिवशी नवी नोंद लिहिली आणि आधीच्या नोंदीतली चूक मान्य केली. पण दुसऱ्या दिवसापासून ही नवी नोंदही खाली सरकू लागली, आणि शोधयंत्रातून येणारी माणसे पूर्वीप्रमाणेच थेट पहिल्या, चुकीच्या नोंदीवर उतरत राहिली. दोन वर्षांनी एका अनोळखी बाईंचे पत्र आले की तुमच्याकडे आहे तसलेच सतेले आमच्याकडेही निघाले, तुमच्यामुळे नाव कळले. मी चूक दुरुस्त केली होती, परंतु ती जिथे होती तिथे नव्हे. हे पत्र वाचून मला फार वाईट वाटले, कारण एका घरातले नाहीसे होत आलेले नाव सापडायच्या ऐवजी माझ्या हातून चुकीचे नाव तिथे जाऊन बसले होते.

वर्षानुवर्षे ग्रंथालयात जाऊनही जे माझ्या ध्यानात आले नव्हते, ते त्यानंतर आले. आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे आहे, म्हणजे पुस्तके मांडण्याचा प्रश्न या गावाला नवा नाही. कोणत्याही ग्रंथालयात पुस्तक आले की ते आधी दाखल-नोंदवहीत चढते, आणि ती नोंदवही तारीखवार असते. पुस्तक कपाटात जाते ते मात्र विषयवार. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूईंनी 1876 साली आपले दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण दिले, ते याच विषयवार मांडणीसाठी. दाखल-नोंदवही ग्रंथपालाच्या कामाची आहे. वाचकाला पुस्तक हवे असते, ते कोणत्या मंगळवारी आले हे नको असते. मी चार वर्षे माझी दाखल-नोंदवहीच वाचकांपुढे उघडून ठेवत होते.

तारखेची ही रांग आपल्याला स्वाभाविक वाटते, पण इंटरनेटवरचे वैयक्तिक लेखन सुरुवातीला तसे नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत पहिले संकेतस्थळ जगासाठी खुले केले, आणि 1993 साली सर्नने हे सारे तंत्र कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. त्यानंतरच्या काही वर्षांत लोकांनी आपापली जी पाने केली ती हाताने मांडलेली होती. एकाने पोस्टाच्या तिकिटांचे पान केले, दुसऱ्याने आपल्या कुत्र्याचे, आणि कोणते पान कुठून उघडावे हे ज्याचे त्याने ठरवले. ‘वेबलॉग’ हा शब्द 1997 मध्ये आला, 1999 मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला आणि त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा सुरू झाली. या साधनांनी लिहिणे अतिशय सोपे केले, ते त्यांचे मोठेच काम आहे. मात्र त्यांनी एक निर्णय लेखकाच्या वतीने घेऊन टाकला : नवे ते वर. एकदा तो निर्णय यंत्राने घेतल्यावर कोणते लेखन पुढे राहावे आणि कोणते मागे जावे याचा विचार करणेच बहुतेकांनी सोडून दिले. याचा दुसरा परिणाम मला अधिक जाचक वाटतो. वरची तारीख जुनी दिसू लागली की लेखकाला अपराधी वाटू लागते, आणि सांगण्यासारखे काही नसतानाही तो काहीतरी लिहितो. माझ्या एकसष्ट नोंदींतल्या वीसेक नोंदी अशाच होत्या.

तारखांची रांग मोडायचे मी ठरवले ते 2017 मध्ये, आणि त्याला एक तातडीचे कारणही घडले. ज्या फुकट सेवेवर मी छायाचित्रे ठेवत होते तिने आपले नियम बदलले, आणि माझ्या चाळीसएक नोंदींतली चित्रे एका रात्रीत गेली. नव्याने सगळे करायचेच आहे तर नीट करावे, म्हणून मी आधी एका व्यावसायिकाकडे काम दिले. त्याने जे करून दिले ते चकचकीत होते. वरच्या पट्टीत कोण्या परदेशी स्वयंपाकघरातल्या टांगलेल्या तांब्याच्या तव्यांचे विकतचे छायाचित्र, खाली सरकणारी तीन चित्रे आणि ‘आमच्याविषयी’ असे एक बटण. हे पाहिल्यावर मला नेमके कळले की संकेतस्थळ उठून दिसणे म्हणजे हे नव्हे. तसली पट्टी कोणत्याही दुकानाला, कोणत्याही शहरात लावता आली असती. ते काम मी घेतले नाही, पैसे दिले, आणि संकेतस्थळाची पाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या साध्या खुणा शिकून पाने स्वतः लिहायला बसले. शीर्षक, परिच्छेद, चित्र आणि दुवा एवढ्यापुरते ते शिकायला मला तीन आठवडे लागले. यात कोणी घाबरून जावे असे काहीही नाही.

आता प्रत्येक भांड्याला एक पान आहे. घंगाळाच्या पानावर काय आहे ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. सर्वांत वर भांड्याचे नाव, त्याखाली तीन छायाचित्रे : समोरून, वरून आणि बुडाकडून. बुडाचे छायाचित्र मी मुद्दाम खिडकीपाशी तिरप्या उजेडात काढले आहे, कारण तसे काढल्यावरच ठोक्यांच्या खुणा दिसतात. मधल्या एका बिंदूपासून बाहेर जाणारी त्यांची वर्तुळे मोजता येतात आणि भांडे ठोकून घडवलेले आहे हे डोळ्यांना पटते. त्यानंतर मोजमापे येतात : तोंडाचा व्यास, उंची, वजन, आणि गळ्यापर्यंत किती तांबे पाणी मावते. तांब्याने मोजण्याची सूचना सासूबाईंची, आणि ती मला लिटरपेक्षा मोलाची वाटते, कारण या भांड्यातून पाणी तांब्यानेच घेतले जात असे. पुढे त्या भांड्याची आमच्या घरातली जागा, म्हणजे मोरीत ते कुठे असे, बंबातले कढत पाणी आधी ओतायचे की विसणाचे गार पाणी आधी, आणि दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला ते चिंच लावून घासण्याचे काम कोणाकडे असे. शेवटी एक परिच्छेद असा की हे पान 2013 साली सतेले या नावाने लिहिले गेले होते, ते नाव का चुकले आणि तांबट आळीत ते कसे कळले. आज जो कोणी त्या पानावर येतो त्याला चूक आणि दुरुस्ती एकाच जागी मिळते. गेल्या सहा-सात वर्षांत मी हे पान बावीस वेळा बदलले आहे. पत्ता एकदाही बदलला नाही.

संकेतस्थळ वेगळे ठरते ते अशा पानांमुळे. कल्हईचे पान घ्या. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवायचे, आणि मग पाण्यात बुडवायचे, ही कृती पुष्कळ ठिकाणी लिहिलेली सापडेल. माझ्या पानावर तिच्या शेजारी मला वर्गात शिकवायला आवडत असे ते आहे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे 1085 अंशांना, म्हणून भांड्याला धक्का न लागता कथिलाचा थर पसरतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो तापला की तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, आणि म्हणूनच कथील धरते. आणि त्याच पानावर सासूबाईंचा शब्द आहे : कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती ‘कळकते’. आम्लाने तांबे विरघळते हे माझे वाक्य आणि कळकते हा त्यांचा शब्द, दोन्ही एकाच गोष्टीविषयी आहेत. कारागिराचा हात, घरातल्या बाईची भाषा आणि शिक्षिकेचे रसायनशास्त्र ही तिन्ही एका पानावर मिळतील अशी दुसरी जागा मला तरी आढळली नाही, आणि ती मला आढळली नाही म्हणूनच ती करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे असे मी मानते. भाचीला मी हेच विचारले की तुझ्या वह्यांत असे काय आहे जे फक्त तुझ्याकडेच आहे. तिने थोडा विचार करून सांगितले, “मी प्रत्येक दरवाजा टेपने मोजला आहे. मोजमाप दुसऱ्या कोणी घेतलेलं दिसत नाही.” मग त्या मोजमापांसाठीच संकेतस्थळ कर, बाकी सगळे त्यांच्यामागून येईल, असे मी म्हटले.

मराठीत संकेतस्थळ करणाऱ्याने अक्षरांकडे लक्ष द्यावे, हे मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. महाराष्ट्र शासनाने 2009 साली मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही आपल्या वळणाची रूपे धरली आहेत. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोडमध्ये मात्र मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच क्रमांक आहे. वाचकाला कोणते वळण दिसणार हे फाँटवर अवलंबून असते. काही चांगल्या फाँटांमध्ये दोन्ही रूपे असतात, आणि पानाच्या अगदी पहिल्या खुणेत ‘भाषा मराठी’ अशी नोंद केली की ती आपोआप मराठी रूप निवडतात. ही नोंद एका क्षणाची आहे आणि बहुसंख्य मराठी संकेतस्थळांवर ती राहून गेलेली दिसते. मी नवा फाँट तपासते तेव्हा तीन शब्द लिहून पाहते : कथील, कळशी, पायऱ्या. पहिल्यात ल, दुसऱ्यात श, आणि तिसऱ्यात तो अर्धा र, जो चुकीच्या फाँटमध्ये रफार होऊन डोक्यावर जाऊन बसतो. ओळींमधले अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. ज्याच्या पानावर मराठी नीट दिसते त्याचे संकेतस्थळ तेवढ्यानेही गर्दीतून वेगळे निघते, ही आजची स्थिती आहे.

पत्त्याबद्दल थोडक्यात सांगते. स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातले स्वतःचे नाव, घ्यावे आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख घरात दोघांना तरी माहीत असावी. दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार किती सहज मोडतो याचे मोठे उदाहरण जिओसिटीज आहे. 1994 साली सुरू झालेल्या या सेवेवर लाखो लोकांनी आपली वैयक्तिक पाने केली होती. 1999 मध्ये ती याहूने विकत घेतली, आणि 2009 मध्ये जपान वगळता ती बंद झाली. त्यातली जी पाने आज पाहता येतात ती इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी आणि काही स्वयंसेवकांनी वेळेवर उतरवून घेतली म्हणून. माझ्या सगळ्या पानांची प्रत माझ्या संगणकावर आहे आणि एक प्रत पेनड्राइव्हवर कपाटात आहे; उद्या सेवा बदलावी लागली तर एका दुपारचे काम आहे. देवनागरीतले .भारत हे डोमेन 2014 पासून मिळते आणि ते घेण्याचा मोह मलाही झाला होता. पानांची नावेही देवनागरीतच ठेवावीत असे वाटत होते. परंतु देवनागरी पत्ता उचलून दुसऱ्याला पाठवला की पुष्कळदा त्याचे रूपांतर टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांत होते. ‘घंगाळ’ हा एवढासा शब्द तिथे पंचेचाळीस चिन्हांचा होतो, आणि पाहणाऱ्याला तो फसवणुकीचा दुवा वाटतो. म्हणून पानांचे पत्ते रोमन लिपीत आणि पानांवरचे सारे मराठीत, असे मी मनाविरुद्ध ठरवले. बर्नर्स-ली यांनी 1998 सालीच लिहून ठेवले आहे की चांगला पत्ता तोच जो बदलत नाही. त्या एका सूचनेत मी तडजोड केलेली नाही.

भाचीची एक शंका रास्त होती. “पण मावशी, मी नवीन काही केलं ते लोकांना कळणार कसं?” त्यासाठी माझ्याकडे ‘काय बदलले’ नावाचे एक पान आहे. त्यावर तारीख आणि एक ओळ असते : कळशीच्या पानावर वजन घातले, बंबाच्या नळीचे चित्र नवे लावले. तारखांची जागा तेवढीच. आणि ज्यांचा विषयच दिवसागणिक घडतो त्यांनी तारीखवारच लिहावे, हेही मी तिला सांगितले. गोदावरीला पूर आला की सगळे नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, हे त्या त्या तासाला कळले पाहिजे, आणि तिथे नवे ते वर हाच क्रम खरा. मात्र 2008, 2016 आणि 2019 या तिन्ही वर्षांचे पूर एकमेकांशेजारी ठेवून पाहायचे असतील तर दुतोंड्या मारुतीचे एकच पान लागेल, आणि ते कोणीतरी बसून, जुन्या नोंदी चाळून करावे लागेल. तसे पान मला नाशकात कोणीतरी केलेले पाहायचे आहे. पुढचा सिंहस्थ 2027 मध्ये आहे, घाटावर कामे निघतील, खुणा बदलतील.

भाचीने परवा मला तिचे पहिले पान दाखवले. त्यावर एकाच वाड्याचा एकच दिंडी दरवाजा आहे. चौकटीची उंची, रुंदी, फळ्यांची जाडी, बिजागरीचे रेखाटन, आणि कडीकोयंड्याचे स्वतंत्र मोठे चित्र. वाड्याच्या मालकांना विचारूनच तिने ते प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे वाड्याचे नाव व पत्ता दिलेला नाही. मी एकच चूक काढली. ‘अडसर’ या शब्दाखाली तिने आडण्याचे चित्र दिले होते. आडणा उभा की आडवा, भिंतीतल्या खोबणीत सरकतो तो कोणता, यावर आमचा अर्धा तास वाद झाला, आणि शेवटी येत्या बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजाराला जाऊ तेव्हा वाटेत त्या वाड्यात डोकावून मालकांच्या आईंनाच विचारायचे ठरले. तोपर्यंत त्या चित्राखाली तिने लिहून ठेवले आहे : नाव तपासायचे आहे.